दिवाळीच्या सुट्टीत अ‍ॅमस्टरडॅम: पावसात दहा-बारा जणांचा ग्रुप कसा न्यावा

शाळा-कॉलेजांना दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा नेदरलँड्समध्ये ओला, वाऱ्याचा काळ सुरू असतो. तरीही दोन-तीन कुटुंबं मिळून निघणारे बरेच ग्रुप याच दिवसांत तिकडे जातात आणि त्याच त्याच चुका करतात. आई-बाबा भिजून थरथरतात, मुलं कंटाळतात, म्युझियमच्या दारात कळतं की तिकिटं संपली, आणि बारा जण एका छोट्या कॅफेच्या बाहेर कुठे बसायचं यावर वाद घालत उभे राहतात. पावसावर यातलं फारच थोडं ढकलता येईल. बारा जणांनी दिवसभर एकत्रच हिंडायचं आणि वेळेवर ठरवायचं, असं गृहीत धरलेलं असतं, तिथे घोळ सुरू होतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. पुढची आधी केली की मागची अडते.

## पायरी १: तिथला पाऊस कसा असतो ते सगळ्यांना सांगा

अ‍ॅमस्टरडॅमला वर्षभरात साधारण ८५० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत त्याच्या अडीचपट पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. हे आकडे ऐकून ग्रुपमधलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आपल्याला काय पावसाचं!’ इथेच तयारी ढिली पडते.

तिथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. दहा मिनिटं भुरभुर, वीस मिनिटं उघडीप, मग एक जोरदार सर, पुन्हा ऊन. पाण्यापेक्षा वारा जास्त त्रास देतो. शहर सपाट आहे आणि समुद्र जवळ, त्यामुळे सरी तिरप्या येतात आणि छत्री उलटते. तापमान दहा अंशांच्या आसपास असताना कपडे भिजले, की आपल्याकडच्या श्रावणसरीसारखे ते अंगावर वाळत नाहीत, गारठा आत शिरतो. शिवाय नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो. याच रविवारी तुमचं बुकिंग असेल तर वेळ दोनदा पाहा.

तपासणी: ग्रुपमधल्या प्रत्येकाला ‘दहा अंश, वारा आणि पाचला अंधार’ हे तीन शब्द माहीत आहेत ना? खरेदीला निघण्याआधी हे व्हायला हवं.

## पायरी २: व्हिसा, पण एकेकट्याचा

ग्रुप एक असला तरी शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि निकालही वेगळा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पंधरा दिवस ही कायद्याची हद्द झाली. दिवाळीच्या आधी अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं, म्हणून जून-जुलैत हालचाल सुरू करा. मोठ्यांसाठी फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५. अर्ज घेणाऱ्या सेवा केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

एकाच सहलीत बेल्जियम किंवा पॅरिस जोडत असाल, तर जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. बाराही जणांच्या रात्रींचा हिशोब एकसारखा दाखवा. एका कुटुंबाच्या कागदात चार रात्री आणि दुसऱ्याच्या कागदात तीन, असं झालं की प्रश्न येतात.

सावध: सगळ्यांचे व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं हॉटेल घेऊ नका. बारापैकी एकाचा नाकारला गेला तर काय करायचं, बाकीचे जाणार की नाही, हे आधीच बोलून ठेवा. नंतर ते बोलणं फार कठीण जातं.

## पायरी ३: राहायची जागा

‘एकच मोठं घर घेऊ, स्वयंपाकघरही मिळेल’ हा सगळ्यांचा पहिला विचार असतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तो बाजूला ठेवा. तिथे खासगी घर पर्यटकांना भाड्याने देताना एका वेळी चारच पाहुणे ठेवायची मर्यादा आहे. दहा जणांना घर देणारी जाहिरात दिसली तर ती शहराबाहेरची असेल, नाहीतर नियमाबाहेरची. म्हणून हॉटेल, होस्टेलमधल्या फॅमिली रूम किंवा स्वयंपाकाची सोय असलेलं अपार्टमेंट-हॉटेल पाहा.

बुक करताना तीन गोष्टी बघा.

- लिफ्ट. कालव्याकाठची जुनी घरं अरुंद आणि उंच असतात. त्यांचे जिने जवळजवळ शिडीसारखे उभे. गुडघे दुखणारी मावशी ओल्या बुटांनी तो जिना दिवसातून चारदा चढणार नाही.
- स्टेशन किंवा ट्रामचा थांबा किती जवळ आहे. पावसात सामान ओढत पाच मिनिटांच्या वर चालायला लागू नये. शहरात महाग वाटलं तर झांदाम किंवा हार्लेम घ्या. दोन्हीकडून ट्रेनने मध्यवर्ती स्टेशन पंधरा मिनिटांच्या आसपास आहे.
- कपडे वाळवायची जागा. खोलीत रेडिएटर, म्हणजे भिंतीवरचा हीटर, आहे का, ड्रायर आहे का, हे ईमेल करून विचारा. पावसाळी सहलीत हा प्रश्न नाश्त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

शहराचा पर्यटक कर खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के आहे. बुकिंगच्या आकड्यात तो धरलाय की तिथे द्यायचाय, ते वाचा. बारा जणांच्या पाच रात्रींवर तो लहान राहत नाही.

टूर कंपनीच्या बसने जाणार असाल तर आणखी एक गोष्ट विचारा. १ जानेवारी २०२४ पासून साडेसात टनांवरच्या बसना शहराच्या आतल्या भागात बंदी आहे. म्हणजे बस तुम्हाला बाहेर उतरवणार आणि तिथून ट्राम, मेट्रो किंवा पायी. ‘उतरायचं कुठे, आणि पाऊस असेल तर पुढे कसं जायचं?’ याचं नेमकं उत्तर घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

## पायरी ४: छपराखालच्या जागांची तिकिटं आधी, बाकी सगळं नंतर

बहुतेक लोक आधी दिवसांचा आराखडा बनवतात आणि मग तिकिटं शोधतात. इथे उलटं करा. आधी तिकिटं मिळवा, त्यांच्या वेळा खुंट्या म्हणून ठोका आणि बाकीचा दिवस त्यावर टांगा.

अ‍ॅन फ्रँक हाउस. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅन ही मुलगी जिथे लपून राहिली आणि डायरी लिहिली ते घर. तिकीट फक्त ऑनलाइन, वेळेच्या स्लॉटसह. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटं खुली होतात आणि भराभर संपतात. तो मंगळवार आत्ताच कॅलेंडरवर लिहा. तिकिटं काढायला दोघांनी वेगवेगळ्या फोनवर बसावं. कोणी किती आणि कोणत्या वेळेची काढायची हे आधी ठरवा, नाहीतर दोघं तीच तिकिटं काढतात. बारा जणांना एकच स्लॉट मिळेल असं धरू नका. पाठोपाठचे दोन स्लॉटही चांगलेच. आतले जिने फार उभे आहेत आणि फोटो काढायची परवानगी नाही, हे घरच्या मोठ्यांना आधी सांगा.

व्हॅन गॉग म्युझियम. इथेही वेळ ठरवूनच तिकीट. पावसाळी दिवशी सकाळी उठून काढू म्हणाल तर शहरातल्या प्रत्येक पर्यटकाने तेच ठरवलेलं असतं.

राइक्सम्युझियम. नेदरलँड्सचं राष्ट्रीय म्युझियम. रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उघडं. अठरा वर्षांखालच्यांना इथे आणि व्हॅन गॉगमध्येही प्रवेश फुकट आहे, पण मुलांचंही फुकट तिकीट बुकिंगमध्ये जोडायला विसरू नका. रेम्ब्राँचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’ हे चित्र बघायला सगळे आधी धावतात, त्यामुळे ग्रुपने सकाळी नऊचा स्लॉट घेऊन थेट तिथूनच सुरुवात करावी. ओले कोट आणि बॅगा ठेवायला सामानघर आहे. ओला कोट हातात घेऊन तीन तास फिरणं टाळा.

व्हॅन गॉग आणि राइक्सम्युझियम एकाच चौकात आहेत, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करायचा मोह होतो. करू नका. सहा तास चित्रं पाहायची सवय ग्रुपमध्ये एखाद्यालाच असते, बाकीचे दुसऱ्या म्युझियममध्ये फक्त बाक शोधतात.

तपासणी: एका कागदावर प्रत्येक दिवसापुढे एकच खुंटी लिहा. दोन असतील तर एक खोडा. आणि म्युझियमच्या साइटवर ग्रुप बुकिंगचा नियम वाचा. ठरावीक संख्येच्या वर नियम बदलतात.

## पायरी ५: अंगावर काय, बॅगेत काय

आपल्याकडचा पावसाळी रेनकोट घेऊन जाऊ नका. तो वारा अडवतो, पण आतून घामाने भिजवतो आणि दहा अंशांत तेच पाणी गार पडतं. टोपी असलेलं, मांड्यांपर्यंत येणारं वॉटरप्रूफ जाकीट घ्या. टोपीला आवळायची दोरी हवी, नाहीतर पहिल्याच पुलावर वारा ती मागे फेकतो. आत एक पातळ थर्मल आणि एक फ्लीस. साडी नेसणाऱ्या आजींसाठी खाली थर्मल लेगिंग, वर लांब जाकीट आणि साडी घोट्याच्या वर खोचलेली, एवढं केलं तरी निभावतं. पण म्युझियमच्या आणि लांब चालण्याच्या दिवशी सलवार-कुडता जास्त सोयीचा.

जीन्स दोनपेक्षा जास्त नको. ओली जीन्स खोलीत दोन दिवस वाळत नाही. ट्रेकिंगची पातळ पँट रात्रीत वाळते.

बुटांवर पैसे खर्च करा. वॉटरप्रूफ बूट, ओल्या विटांवर न घसरणारा तळ, आणि निघण्याआधी निदान पंधरा दिवस इथे रोज घालून सवय केलेले. नवे कोरे बूट तिथे पहिल्यांदा घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे: फोड आले की त्या माणसाची सहल संपते आणि त्याच्याबरोबर आणखी एकाची. दुसरा बुटांचा जोड हवाच. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. रेडिएटरच्या अगदी वर ठेवले तर चामडं आणि डिंक दोन्ही बिघडतात.

रोजच्या बॅगेत: कोरडे मोजे, छोटा टॉवेल, दोन प्लास्टिक पिशव्या, पॉवर बँक, खाऊ. छत्री मजबूत असली तरी ती दोन माणसांमागे एक पुरे. अरुंद फूटपाथवर बारा छत्र्या उघडल्या की कोणालाच चालता येत नाही.

सावध: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर, तुपाची बरणी घरी ठेवा. ताजी मिरची आणि कढीपत्ताही नको. चिवडा, चकली, शंकरपाळी, मेतकूट असा कोरडा फराळ घ्या आणि ती शंकरपाळी तेलातली असू द्या.

## पायरी ६: प्रत्येकाच्या हातात स्वतःचं कार्ड

ट्राम, मेट्रो, ट्रेन, बस सगळीकडे बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. ग्रुप इथे हमखास अडतो.

एका कार्डावर दोन माणसं जाऊ शकत नाहीत. बाबांनी कार्ड टेकवून मग आईसाठी तेच पुन्हा टेकवलं, तर मशीन समजतं की बाबा उतरले. त्याचप्रमाणे चढताना फोन आणि उतरताना त्याच खात्याचं प्लास्टिक कार्ड चालत नाही. मशीनसाठी ती दोन वेगळी कार्डं आहेत. आणि उतरताना टेकवायचं विसरलात तर ट्रेनला २० युरोपर्यंत भुर्दंड बसतो.

म्हणून निघण्याआधी:

१. प्रत्येकाच्या कार्डावर बँकेच्या अ‍ॅपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि काँटॅक्टलेस, ही दोन्ही बटणं सुरू करा. आपल्याकडे ती बंद असतात.
२. कार्ड नसलेल्यांसाठी, म्हणजे मुलं आणि आजी-आजोबांसाठी, एक किंवा अनेक दिवसांचं कागदी तिकीट काढा. विमानतळाची ट्रेनही धरणारं तिकीट मिळतं, ते पाहा.
३. थोडी रोख असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. बऱ्याच दुकानांत फक्त कार्डच घेतात.

स्किपोल विमानतळावरून मध्यवर्ती स्टेशनला ट्रेन सुमारे पंधरा-सतरा मिनिटं घेते. पण इमिग्रेशनला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. शेंगेन सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवण्याची नवी पद्धत आली आहे. पोचल्याच्या दिवशी कसलंही वेळेचं तिकीट काढू नका.

## पायरी ७: ग्रुप तोडा

हे ऐकायला वाईट वाटतं, विशेषतः घरच्या मोठ्यांना. तरी करा. बारा जणांच्या तीन तुकड्या करा, प्रत्येकीत चार. प्रत्येक तुकडीत नकाशा वाचू शकणारा एक, चालू इंटरनेट असलेला एक फोन आणि कमी चालू शकणाऱ्यांपैकी जास्तीत जास्त एक. सगळी तरुण मंडळी एका तुकडीत आणि सगळे ज्येष्ठ दुसरीत, असं करू नका.

चार जणांना कॅफेत टेबल मिळतं, एका ट्राममध्ये जागा मिळते, आडोशाला उभं राहता येतं. बारा जणांना यातलं काहीच मिळत नाही. दिवसातून दोनदा सगळ्यांनी भेटायचं: सकाळी खुंटीच्या जागी आणि रात्री जेवायला. भेटायची जागा नेहमी छपराखालची आणि नावाने सांगता येणारी असावी. राइक्सम्युझियमच्या पोटातून जाणारा बोगद्यासारखा रस्ता चांगला, पण तिथून सायकली धावतात, म्हणून कडेच्या फूटपाथवर थांबा. ‘स्टेशनच्या बाहेर’ ही जागा होत नाही. त्या स्टेशनला पुढून शहर आहे आणि मागून पाणी.

वाटाड्या घेणार असाल तर शहराच्या मध्यभागी एका गटात पंधराच माणसांची मर्यादा आहे, आणि रेड लाइट भागातून गट घेऊन फिरायला बंदी आहे. अशी टूर कोणी विकत असेल तर घेऊ नका.

## पायरी ८: दिवस कसा रचायचा

सकाळी नाश्त्याला बुइनराडार हे डच अ‍ॅप उघडा. पुढच्या दोन तासांत सर नेमकी कधी येणार ते त्यात आलेखावर दिसतं. आठवड्याचा अंदाज पाहून आराखडा बदलत बसू नका. तिथल्या हवेत तो रोज बदलतो.

क्रम असा ठेवा: सकाळी खुंटी, म्हणजे छपराखालचं म्युझियम. दुपारी उघडीप मिळाली तर उघड्यावरचं. ती नाही मिळाली तर छपराखालचं दुसरं, पण फुकट आणि बुकिंगशिवायचं. ही फुकट जागांची यादी आधीच हातात हवी:

- स्टेशनपासून दहा मिनिटांवरचं मोठं सार्वजनिक वाचनालय, ओबीए. बसायला जागा, मुलांचा विभाग, वर कॅफे.
- रोकिन मेट्रो स्थानक. मेट्रो खोदताना नदीच्या पात्रात सापडलेल्या हजारो वस्तू सरकत्या जिन्यांच्या मधे काचेत मांडल्या आहेत. मुलांना इथून हलवणं अवघड जातं.
- स्टेशनच्या मागून सुटणारी फेरीबोट. पलीकडच्या काठावर नेते, पैसे लागत नाहीत, आणि पाऊस पाण्यावर पडताना बघायला आत उभं राहता येतं.
- दे हालेन, जुन्या ट्राम डेपोतलं खाण्याचं दालन. शिरायला पैसे नाहीत, खाल्लं तेवढ्याचे.

कालव्यातली बोट पावसातही छान लागते, फक्त बंद काचेची घ्या. बुक करताना फोटोत छप्पर दिसतंय का ते पाहा. उघड्या छोट्या बोटी स्वस्त दिसतात आणि ब्लँकेट देतो म्हणतात, पण ओल्या ब्लँकेटचा उपयोग नाही. अंधार पडल्यावरची फेरी घ्या. संध्याकाळ लवकर होते, तिचा एवढा फायदा करून घेता येतो: पुलांवरचे दिवे लागलेले असतात आणि दिवसाचा उजेड उघड्यावर फिरायला वाचतो.

शहराबाहेरच्या झान्से स्खान्सच्या पवनचक्क्यांसाठी मात्र अख्खी उघडीप राखून ठेवा. तिथे आडोसा कमी आणि वारा भरपूर.

सावध: पाऊस आला म्हणून ‘कॉफीशॉप’ अशी पाटी पाहून आत शिरू नका. तिथे गांजा विकतात. कॉफी प्यायला ‘कॅफे’.

## पायरी ९: रस्ता आणि सायकली

सायकलीचा रस्ता बहुतेक ठिकाणी लालसर असतो आणि त्यावर उभं राहून फोटो काढणं हा तिथला सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे. पावसात सायकलवाले मान खाली घालून जोरात येतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लवकर लागत नाही. रस्ता ओलांडताना चौघांनी चौघं मिळून ओलांडावा, रांगेने एकामागून एक नव्हे.

ग्रुपने सायकली भाड्याने घेऊन पावसात शहरात फिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रामचे रूळ ओले झाले की निसरडे होतात, त्यात चाक अडकून पडणं सहज होतं. हौस असेलच तर कोरड्या सकाळी फोंडेल पार्कमध्ये फिरवा.

## पायरी १०: जेवण

बारा जणांचं टेबल दोन-तीन दिवस आधी बुक करा आणि सात वाजताचं करा. स्वयंपाकघरं आपल्या सवयीपेक्षा लवकर बंद होतात. शाकाहारी असाल तर थंडीत सगळीकडे मिळणारं वाटाण्याचं घट्ट सूप विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात सहसा डुकराचं मांस असतं. सुरिनामी उपाहारगृहं शोधा. भारतातून मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला (तेव्हाची डच वसाहत) गेलेल्या लोकांच्या वंशजांची रोटी-भाजी तिथे मिळते, आणि आजी-आजोबा ती समाधानाने खातात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

## पायरी ११: वादळाचा इशारा आला तर

तिथलं हवामान खातं, केएनएमआय, पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं. पिवळ्यात फिरता येतं. नारिंगी असेल तर शहराबाहेरचा बेत रद्द करा, गाड्या कमी होतात किंवा थांबतात. झाडांखालून आणि कालव्याच्या काठाने चालू नका. परतीचं विमान त्या दिवशी असेल तर चार तास आधी निघा आणि ट्रेन बंद पडली तर टॅक्सीने कोण कोणाबरोबर जाणार, याची तुकडीवार यादी आदल्या रात्री करा. अडचणीत ११२ हा नंबर.

## पायरी १२: शेवटची रात्र

ओले कपडे बॅगेत भरून सहल संपवू नका. वजन वाढतं आणि घरी पोचेपर्यंत वास धरतो. शेवटच्या संध्याकाळी उघड्यावरचं काही ठेवू नका, म्हणजे बूट आणि जाकिटं वाळतील. एकाच पावतीवर ५० युरो किंवा जास्त खरेदी असेल आणि दुकानात कर परताव्याचा कागद घेतला असेल, तर स्किपोलवर सामान चेक-इन करण्याआधी त्याची नोंद करून घ्यायची असते. त्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि कागद ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच हातात द्या.